मदत हवी आहे: एमएम ५४० ला पॉवर स्टेअरिंग आणि जाड टाय रॉड, आधी काय आणि नंतर काय?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा एमएम ५४०, प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिन, स्टेअरिंग साधं मॅन्युअल. वापर आजरा-आंबोली भागात: शेत, ओढे, आणि रविवारी दोस्तमंडळींबरोबर चिखल तुडवणं. आधीच्या मालकाने मूळचे ६.००-१६ टायर काढून रुंद रिमवर २३५/७५ आर १५ बसवलेत, शिवाय पुढच्या पाट्यांना लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणारा दुवा) लावून नाक थोडं वर घेतलंय. दिसते झकास. चालवायला मात्र दंड लागतात.

तक्रारी अशा. जागेवर वळवायचं तर दोन्ही हात आणि थोडी छातीही लावावी लागते. दगडात पुढचं चाक अडकलं की स्टेअरिंग असं उसळतं की अंगठा आत असेल तर गेलाच. टाय रॉडला (दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) पोक आलाय, खाली झोपून पाहिलं तर उघड्या डोळ्यांना दिसतो. आणि पन्नासच्या आसपास खड्डा लागला की पुढचा भाग लटलट हलायला लागतो, वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाही.

मनात आहे ते असं: बोलेरोचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स आणि पंप, सीमलेस पाइपचा जाड टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), जोडीला स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा). गॅरेजवाला म्हणतो, "डॅम्पर टाका, लटलट जाईल, पॉवरचं नंतर बघू." दुसरा म्हणतो आधी पॉवर. पैसे टप्प्याटप्प्याने सुटणार आहेत म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

वंगण

काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची तपासणी करा. पुढची दोन्ही चाकं उचलून एक्सल स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. ड्रॅग लिंक एका टोकाने सोडवा. आता स्टेअरिंग एका बोटाने टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. हलकं फिरलं तर बॉक्स आणि कॉलम निर्दोष. मग चाक हाताने डावी-उजवीकडे वळवा. तिथे जड लागलं तर दोष किंगपिनमध्ये (चाक ज्या खुंटीवर डावं-उजवं वळतं ती), आणि तो तसाच ठेवून वर पॉवर बसवली तर पंप तो दोष झाकेल, घालवणार नाही. टाय रॉड पण सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघितल्या तर उत्तम.

टायरबद्दल. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण २९ इंच, म्हणजे मूळ टायरच्या आसपासच. वाढली ती रुंदी: सहा इंचांवरून सव्वानऊ. रिम बाहेर आलेली असेल तर चाक किंगपिनभोवती जागेवर फिरत नाही, कमान काढत घासतं. दगडावर उसळी बसते तीही त्यामुळेच, कारण धक्का किंगपिनपासून लांब बसतो आणि त्याला तरफ मिळते. कमी बाहेर येणाऱ्या रिम घेतल्या तर निम्मं दुखणं तिथेच कमी होईल. पण हे सांगून कोणी ऐकत नाही, कारण गाडी "भरलेली" दिसायला हवी असते :)

जीपवेडा

वंगणदादांशी सहमत, पण पॉवर कराच. एकदा पॉवरची जीप चालवली की मॅन्युअलकडे परत जाववत नाही.

बोलेरोचा सेट घेणार असाल तर बॉक्स, पंप, तेलाचा डबा, दोन्ही होज, ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक ढकलणारा हात) हे सगळं एकाच गाडीचं घ्या. कुर्ल्याच्या भंगारातून बॉक्स आणि पुण्यातून पंप असं करू नका. पंपाचा दाब आणि प्रवाह बॉक्सला जुळावा लागतो. प्यूजोवर पंपासाठी ब्रॅकेट बनवावं लागेल आणि पुली एका रेषेत आली पाहिजे, नाहीतर पट्टा ओरडतो, मग उडतो. आणि वळणात पट्टा उडाला की पॉवरचा बॉक्स मॅन्युअलपेक्षाही जड होतो.

बसवण्याआधी बॉक्स हातात धरून इनपुट शाफ्ट उजवीकडे फिरवा आणि ड्रॉप आर्म कुठे जातो ते बघा. दिशा उलटी असली तर तुम्ही उजवीकडे वळवाल आणि जीप डावीकडे जाईल. हसू नका.

दुसरं, बॉक्सचा मध्य काढा. टोकापासून टोकापर्यंत फेरे मोजून त्याचे निम्मे, आणि चाकं सरळ असताना बॉक्स तिथेच हवा. स्टेअरिंग व्हील वाकडं दिसतंय म्हणून ते काढून सरळ बसवणारे असतात, त्याने मध्य जुळत नाही. ड्रॅग लिंकच्या लांबीने जुळवा.

तेल भरल्यावर हवा काढताना इंजिन बंद, चाकं वर, आणि सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा. डब्यात फेस यायचा थांबला की मगच इंजिन चालू. आणि टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पंप किंचाळतो आणि तेल तापतं. नकलवरचे (चाकाला धरून किंगपिनवर वळणारा भाग) स्टॉपर बोल्ट असे लावा की बॉक्स आपल्या टोकाला पोहोचण्याआधी चाक थांबेल.

शिट्टी_मारा

ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग) विचार केलात का? छोट्या गाड्यांमधला इलेक्ट्रिक कॉलम जिप्सी आणि जीपवाले सर्रास बसवतात. पंप नाही, पट्टा नाही, तेलगळती नाही.

जीपवेडा

@शिट्टी_मारा, शहरात ठीक. पण चाकं जागेवर वळवताना ती मोटर चाळीस-पन्नास अँपिअर ओढू शकते. जुन्या अल्टरनेटरला आयडलवर ते झेपत नाही. शिवाय मोटर कॉलमवर असते, म्हणजे वाढीव जोर जुन्या मॅन्युअल बॉक्सच्या दातांमधूनच जाणार. आणि धागाकर्ते ओढ्यात उतरतात.

तात्या_टर्नर

ओ घाटवाट, टाय रॉडचं मी सांगतो, हयात लेथवर गेलीय.

पयली गोष्ट. टाय रॉडला वेल्डिंग नाय म्हंजे नाय. जुना कापून मधी तुकडा जोडणारे बगितल्यात. तुटला की दोन चाकं दोन दिशेला जात्यात, मग देव पण काय करू शकत नाय. सीमलेस पाइप घ्या, बाहेरनं सव्वा इंच, भिंत पाव इंच, आणि आटे थेट पाइपात पाडून घ्या. एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे, म्हंजे टो-इन (चाकं पुढनं किंचित आत वळवणं) लावताना एंड (टोकाचा बॉल जॉइंट) न सोडवता नुसता पाइप फिरवायचा. लॉकनट दोन्हीकडं. एंड आत किती गेलाय ते पण बगा, चार आट्यावर लोंबकळत ठेवू नका, निदान आट्याच्या जाडीच्या दीडपट आत पायजे.

दुसरी. एंड बदलला तर त्याच्या पिनचा टेपर (निमुळता उतार) जुळतोय का? आर्मच्या भोकात निळा रंग लावून बसवा, काढून बगा. सगळीकडं सारका लागला तर बरोबर. एका कडंला लागला तर ती पिन डुगडुगत भोक खाणार. टेपर रीमर असतोय त्याला, ड्रिल मारून भोक मोठं करायचं नाय. कॅसल नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाय तर नट आणखी आवळून जुळवायचा, सैल करून नाय.

आणि एक. लई जाड पण करू नका. वाकलेला टाय रॉड दोराला बांधून सरळ करून घरला येता येतं. टाय रॉड वाकलाच नाय तर पुढचं कायतरी तुटतंय: नकलचा आर्म, नायतर बॉक्सचा शाफ्ट. त्यो रानात कोण दुरुस्त करणार?

घाटवाट

सगळ्यांचे आभार. वंगण यांनी सांगितलेली तपासणी केली.

ड्रॅग लिंक सोडवल्यावर स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं. बॉक्सला मध्यावर थोडा प्ले (मोकळीक) आहे, पण जड अजिबात नाही. टाय रॉड सोडवून चाकं बघितली. डावं हाताने वळतं. उजवं ढकलावं लागतं, आणि मध्येच एका जागी गचकन अडतं. वाण्याकडचा हुकवाला ताणकाटा आणून नकलच्या आर्मला लावून ओढला, तर उजवीकडचं वाचन डावीच्या दुपटीहून जास्त. उजवी नकल उघडली. आतलं ग्रीस राहिलंच नव्हतं, करड्या रंगाचा चिखल होता, ओढ्याचं पाणी फेल्ट सीलमधून आत जाऊन झालेला. खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरचे ठसे बोटाला लागतात. म्हणजे मध्येच अडायचं कारण ते.

डाव्या बाजूला उलटं, चाक वर-खाली धरून हलवलं तर किंगपिनला प्ले.

वंगण

झालं तर मग, लटलट तुम्हाला सापडली. एकीकडे सैल आणि दुसरीकडे खड्डे पडलेलं बेअरिंग, वर लांब शॅकलमुळे बदललेला कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन). डॅम्पर हे दुखणं काही दिवस दाबून ठेवेल, मग स्वतः मरेल. दोन्ही बाजूंची बेअरिंग, सील बदला, शिम (पातळ चकत्या) लावून बेअरिंगवरचा ताण दोन्हीकडे सारखा करा, ताणकाटा आहेच. तो ताण टाय रॉड सोडलेला असताना आणि सील बसवण्याआधी मोजायचा. किती किलो ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

मग कॅस्टर मोजा. शॅकलने बिघडला असेल तर मूळ शॅकल परत, किंवा पाटा आणि एक्सलमध्ये पाचर. पॉवर बसल्यावर थोडा जास्त कॅस्टर परवडतो, स्टेअरिंग आपणहून सरळ यायला मदत होते. शेवटी टो-इन, दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास.

ड्रॅग लिंकचा कोन पण बघून घ्या. गाडी चाकांवर उभी असताना ती जितकी तिरकी, तितकं खड्ड्यात एक्सल वर गेल्यावर स्टेअरिंग आपोआप फिरणार. नुसता बॉक्स बदलून हे जात नाही, ड्रॉप आर्मची निवड त्यासाठीच असते.

सातासमुद्रापार

मी टेक्सासात, माझ्याकडे जुनी सीजे-७. १९७६ ते १९८६ मध्ये निघालेल्या या जीपांचं एक जगजाहीर दुखणं म्हणजे स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथे चेसिसला तडे जाणं. रुंद टायर आणि पॉवर एकत्र आले की हमखास. तुमची महिंद्रा वेगळी असली तरी त्याच घराण्यातली. गाडीखाली शिरलाच आहात तर बॉक्सभोवती वायर ब्रशने रंग आणि माती पूर्ण खरवडा, एकाला स्टेअरिंग डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही बोल्टच्या भोकांकडे बघा. पत्रा श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर समजा.

इथे बॉक्सपासून दुसऱ्या बाजूच्या चेसिसपर्यंत आडवी ब्रेस (आधाराची दांडी) टाकतात, आणि बॉक्सच्या बोल्टसाठी चेसिसच्या आत नळीचे तुकडे बसवतात, म्हणजे बोल्ट आवळताना चेसिसच्या दोन भिंती चेपत नाहीत. दोन्ही करा.

कायद्याचं_बोला

रसभंग करतो, पण कोणीतरी बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. नंतरच्या दुरुस्तीतलं कलम १८२ अ (४) मालकाला लागू होतं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १५ वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणीला न्यावीच लागते, तेव्हा निरीक्षक पुढे वाकून बघतो. तर आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा. विमा कंपनीला पण कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा स्टेअरिंगच बघेल.

जीपवेडा

+१. आणि जुना बॉक्स विकू नका, तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

घाटवाट

आरटीओचं या आठवड्यात विचारून येतो. बेअरिंगचा सेट आला, उजवी नकल बसवूनही झाली. नुसत्या तेवढ्याने स्टेअरिंग ओळखू येणार नाही इतकं बदललंय. त्यामुळे पॉवर मागे ढकलली, आधी टाय रॉड.

सातासमुद्रापार यांचा संशय खरा निघाला. मागच्या खालच्या बोल्टपाशी तडा आहे, साधारण नखाएवढा, भोकापासून खालच्या कडेकडे गेलेला. रंगाखाली दिसतच नव्हता. पॉवर येवो न येवो, ते आता करावंच लागेल. उद्यमनगरात प्लेट कापायला देणार आहे. ६ मिमी घेऊ की ८? तात्या, सांगा.

तात्या_टर्नर

सहा बास. आठची प्लेट चेसिसच्या पत्र्यापुढं इतकी ताठ हुती की तडा तिच्या कडंला जाऊन परत सुरू हुतोय.

आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक मारा, म्हंजे पुढं सरकत नाय. मग ग्राइंडरनं व्ही काढून तडा भरा, घासून सपाट करा, वर प्लेट. प्लेटची टोकं चौकोनी नकोत, पतंगावानी निमुळती कापा. उभी वेल्डिंग चेसिसच्या आरपार वडू नका, आणि वरच्या-खालच्या कडंला टाकाच लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, अल्टरनेटरची वायर पण. प्लेट कापायच्या आधी पुठ्ठ्याचा नमुना करून आणा, बॉक्सची भोकं त्यावर मारून. दुपारी तीनच्या आत या, नंतर लाईट जात्या.