मदत हवी आहे: लोकांनी दिलेल्या जुन्या संगणकांतले एसएसडी (चिपांवर डेटा साठवणाऱ्या डिस्क) खात्रीने कसे पुसायचे?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी जमून लोकांनी दिलेले जुने डेस्कटॉप-लॅपटॉप दुरुस्त करतो आणि ज्या मुलांकडे संगणक नाही त्यांना देतो. थर्मल पेस्ट बदलणं, सीआर-२०३२ सेल टाकणं, मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवणं आता अंगवळणी पडलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून धडधाकट मशीनं जास्त येऊ लागलीत, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि जुन्या मशीनांत ते बहुधा नसतं. त्यांच्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम चालते.

घोडं अडलंय ते डिस्कपाशी. हार्ड डिस्क असली तर आधी स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघतो. रीअ‍ॅलोकेटेड (बाद करून बदललेले) किंवा पेंडिंग (संशयास्पद) सेक्टर दिसले तर ती डिस्क कोणालाच देत नाही, कारण बाद झालेल्या सेक्टरवर पुन्हा काही लिहिता येत नाही आणि जुना डेटा तिथेच राहू शकतो. चांगली असेल तर एनवाइप या डिस्क पुसायच्या प्रोग्रामने सगळी डिस्क एकदा शून्यांनी भरून वाचून बघतो. एसएसडीला मात्र हे पुरत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कुठे लिहायचं ते डिस्कमधला कंट्रोलर ठरवतो, शिवाय राखीव जागा आपल्याला दिसतच नाही. म्हणून सिक्युअर इरेज (डिस्कला स्वतःच सगळं पुसायला सांगणारी कमांड) करायला गेलो, तर बऱ्याच लॅपटॉपवर ती कमांड देणारं एचडीपार्म हे लिनक्सचं साधन ‘फ्रोझन’ दाखवतं आणि कमांड चालतच नाही.

आमच्यातले काही म्हणतात, सरळ ड्रिलने भोक पाडा. मला ते पटत नाही. डिस्क नसलेलं मशीन कपाटात पडून राहतं. आणि परवा एक अडीच इंची एसएसडी उघडून बघितला, तर आतला बोर्ड डबीच्या जेमतेम एक तृतीयांश होता. मधोमध भोक पाडलं असतं तर ते रिकाम्या प्लास्टिकमधून गेलं असतं आणि चिपा तशाच शाबूत राहिल्या असत्या!

फ्रोझनवर उपाय काय? आणि पुसलं गेलंय याची खात्री कशी करायची? लोक घरचे फोटो, बँकेचे कागद असलेली मशीनं विश्वासाने आपल्या हाती देतात. त्यांना आम्ही जे सांगू ते शंभर टक्के खरं असायला हवं.

प्रतिसाद १

फ्रोझन म्हणजे बिघाड नाही. मशीन सुरू होताना बायोसच (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) डिस्कच्या सुरक्षा कमांडना कुलूप घालतो. लाइव्ह लिनक्समधून (पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) मशीन स्लीपमध्ये टाका, परत उठवा आणि पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ‘नॉट फ्रोझन’ येतं. इरेजआधी डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो, तो कागदावर लिहून ठेवा. मध्येच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने लॉक राहते, म्हणून लॅपटॉप चार्जरला लावूनच हे करा. यूएसबी केसमधून करू नका, ते अडॅप्टर अशा कमांड धड पोचवतीलच असं नाही.

एनव्हीएमई डिस्कवर (वेगळ्या, वेगवान जोडणीचे एसएसडी) एचडीपार्म चालत नाही. तिथे एनव्हीएमई-सीएलआय या साधनाचं फॉरमॅट वापरा, पण सिक्युअर इरेजचा पर्याय देऊन. नुसतं फॉरमॅट पुरेसं धरू नका.

प्रतिसाद २

खात्रीबद्दल. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसडींच्या चिपा थेट वाचून बघितल्या होत्या. एका डिस्कने पुसल्याचा निरोप दिला, पण आतला डेटा जसाच्या तसा होता. त्यामुळे डिस्कच्या शब्दावर विसंबू नका. आधी सगळी डिस्क एकदा भरून लिहा, मग सिक्युअर इरेज द्या, मग वेगवेगळ्या ठिकाणचे ब्लॉक वाचा. जुनं काही सापडलं किंवा कमांड फसली, तर ती डिस्क काढा आणि बोर्डवरची प्रत्येक चिप फोडा. तुमचा तो उघडलेला एसएसडी सगळ्यांना दाखवा, भोक कुठे पाडायचं ते बघूनच कळेल.

वाचून शून्यं आली म्हणजे राखीव जागाही साफ झाली असं सिद्ध होत नाही. म्हणून देणाऱ्याला ‘डेटा नष्ट झाला’ एवढंच लिहून देऊ नका. डिस्कचा सिरीयल नंबर, कोणती पद्धत वापरली आणि तपासणीत काय आढळलं ते लिहा. ज्याला डिस्क काढून परत हवी असेल त्याला ती बिनशर्त द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्लीपमधून उठवल्यावर अडलेल्या लॅपटॉपवर इरेज लगेच सुरू झालं. सिरीयल नंबरची वही आजच घालतो, आणि डिस्क परत घेण्याचा पर्याय मशीन स्वीकारतानाच विचारू.

एक राहिलं. काही छोट्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी (डिस्कऐवजी वापरलेली साठवणुकीची चिप) बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, ती काढताही येत नाही आणि तिला एचडीपार्मही लागू नाही. एमएमसी-युटिल्स या साधनाने सॅनिटाइझ (चिप पुसायची कमांड) कोणी स्वतः करून बघितलंय का? तोवर ती मशीनं बाजूला ठेवतोय.