टोइंगवाल्याची मनमानी: गाडी अडकवून पैसे उकळले

खंबाटकी घाटात तुमची गाडी बंद पडली, टोइंगवाल्याशी फोनवर साडेतीन हजार ठरले, आणि गॅरेजच्या दारात "घाटाचे वेगळे, थांबल्याचे वेगळे" करत सात हजार मागितले. वर बंपरही फोडला. ही सरळ अडवणूक आहे. पैसे दिलेत म्हणजे हक्क गेला, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. फक्त त्या पावतीवरच 'नाइलाजाने देत आहे' असं लिहायला हवं होतं. आता निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तसा मेसेज टाका आणि बिलाची फोड मागा.

बंपर खालच्या कडेला, साखळी अडकवतात तिथेच तडकलाय ना? तो फोटो जवळून काढून ठेवा. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली असेल, तर गिअरबॉक्सही तपासून घ्या.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. वकील लागतोच असं नाही.

आणि हो, राष्ट्रीय महामार्गावर खासगी क्रेन शोधण्याआधी 1033 हा महामार्ग हेल्पलाइनचा नंबर फिरवायचा.