नोव्हेंबरअखेर अंदमान: आईला बस लागते, बोट झेपेल का?

रामबागची_लेक
नमस्कार. 26 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर अंदमानला जायचं ठरतंय. मी, हे आणि माझी आई. आई 71 वर्षांची आहे. बाबा असताना दोनदा ठरलं आणि दोनदा राहून गेलं, त्यामुळे सेल्युलर जेल तिला दाखवायचंच आहे. तात्यारावांची, म्हणजे सावरकरांची, कोठडी बघायची हे ती माझ्या लहानपणापासून म्हणतेय.

एजंट म्हणतो, सीझन एकदम मस्त. पण मोबाइलवर बघते तर रोज ढग, पाऊस आणि वारा ताशी 30 किलोमीटरच्या वर. आपण इंदूरचे, समुद्राचं काहीच कळत नाही. आईला सिमरोलच्या घाटातसुद्धा बस लागते, मग बोट लागणारच ना? हॅवलॉक आणि नील ही बेटं सोडून नुसतं पोर्ट ब्लेअर करावं का? एजंटने 1 तारखेला संध्याकाळी नीलहून परत आणि 2 ला सकाळी विमान असं बसवलंय.

सुखलियाची_काकू
अगं, ती शेवटची दोन तिकिटं आधी बदलून घे. आमचं अगदी असंच झालं होतं. नीलच्या धक्क्यावर सामान घेऊन बसलो होतो, डब्यात रतलामी शेव आणि पराठे. दुपारी दोनला सांगितलं की आज बोटी बंद. ऊन होतं हो! माणसं पाण्यात खेळत होती, आणि बोट बंद. बोटीचे पैसे परत मिळाले, विमानाचे गेले, कोलकात्याहून इंदूरचं पुढचं तिकीटही गेलं. एकंदर सहल छान झाली, पण तो शेवटचा दिवस मी विसरू शकत नाही. ऊन असताना बोटी का थांबवतात ते मला अजून समजलेलं नाही.

इंजिनरूम_सुदामानगर
काकू, ऊन आणि समुद्र यांचा संबंध आपण समजतो तेवढा नसतो. मी 31 वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली चार कोलकाता आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या प्रवासी जहाजांवर. तीन-तीन दिवसांची खेप असायची. रिटायर होऊन इंदूरला परतलो, पण नोव्हेंबर लागला की अजून सकाळी आधी बंगालच्या उपसागराचं हवामान बघतो आणि मग पोहे खातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नैर्ऋत्य मोसमी वारे गेले की आशियाची जमीन थंड पडते, समुद्र मात्र ऊबदार राहतो, आणि वारा उलटा वाहायला लागतो. तो ईशान्येकडून येतो. ज्या वाऱ्याने आपल्याकडे आकाश निवळतं आणि हवा कोरडी होते, तोच बंगालचा उपसागर ओलांडताना पाणी पिऊन अंदमानला पोचतो. वाटेत अडवायला काही नाही. शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आला की तो लाट उभी करतो, आणि ती लाट वारा पडल्यावरही लगेच मरत नाही. म्हणून वर ऊन आणि खाली खवळलेलं पाणी हे एकाच वेळी असू शकतं. तुमची बोट थांबवली ती त्या पाण्यासाठी.

ताई, आता तुमच्या कामाचं. तो ईशान्य वारा बेटाच्या पूर्वेच्या अंगाला धडकतो, पश्चिमेला आडोसा मिळतो. हॅवलॉकच्या पूर्वेला विजयनगर आणि काला पत्थर. तिथे या दिवसांत पाणी गढूळ आणि सतत हलतं. राधानगर पश्चिमेला, मधे डोंगर आणि जंगल. एकाच दिवशी, एकाच तासात, रिक्षाने या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गेलात तर समुद्र बदललेला दिसेल. मी स्वतः पाहिलंय. काला पत्थरला टोपी उडत होती, चष्म्यावर मिठाचा थर बसत होता. राधानगरला पोचलो तर पाण्यावर नुसती सुरकुती. आईंना राधानगरलाच न्या, आणि साडेतीनलाच पोचा. तिथे घड्याळ आपलंच असतं, पण सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. इंदूरच्या सवयीने चहा पिऊन निघालात तर अंधार गाठाल. पाणी साधारण 28 अंश असतं, पाय बुडवायला त्यांना थंडी वाजणार नाही.

बोट लागण्याबद्दल. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाताना वारा जवळजवळ तोंडावर येतो, बोटीचं नाक वर जातं आणि आपटतं. येताना तोच वारा पाठीमागून असतो, बराच फरक पडतो. म्हणजे त्रास झालाच तर जाताना होईल. आईंची जागा खालच्या मजल्यावर, मध्यापासून थोडी मागे घ्या. पुढची खिडकीची सीट देतील, ती नको, तिथेच सगळ्यात जास्त आपटतं. नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा, मोबाइल अजिबात नको. पोट रिकामं नको आणि गच्चही नको. दोन इडल्या, आणि तोंडात आलेपाक. गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून, बोटीच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. खाजगी बोट दीड-दोन तास घेते, सरकारी त्याहून जास्त. सकाळचीच घ्या. रद्द झाली तर पुढे दिवस हातात राहतो.

मोबाइलवरचे ढग मनावर घेऊ नका. तिथे पाऊस तासभर ओततो आणि मोकळा होतो. बघायचं ते दोन ठिकाणी. एक, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा. दुसरं, हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज. लाट सव्वा मीटरच्या आत असेल तर निर्धास्त जा. सव्वा ते अडीच असेल तर वर सांगितलेली तयारी करून जा. अडीचच्या वर आकडा दिसला तर बोट सुटत असली तरी आईंना नेऊ नका. आणि मच्छीमारांना 'समुद्रात जाऊ नका' सांगितलं असेल, तर बोटी बंद होणार हे धरूनच चाला.

कारण हे महिने वादळांचेही आहेत. अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि मोठा होत आंध्र, तमिळनाडूकडे जातो. 2013 च्या नोव्हेंबरात 'लेहर' अंदमानवरूनच पुढे गेलं. 2016 च्या डिसेंबरात 'वरदा' आकार घेत होतं तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले, नौदलाने आणि तटरक्षक दलाने त्यांना आणलं. तेच वादळ काही दिवसांनी चेन्नईवर आदळलं. हे घाबरवायला सांगत नाही. दरवर्षी तुमच्याच तारखांना असं होत नाही. पण विमानाच्या आदल्या संध्याकाळची बोट कुणी बसवून दिली तर ती घेऊ नये, एवढं मात्र मी हात जोडून सांगतो.

उतरल्यादिवशीच दुपारी जेल बघून घ्या. बेटं राहिली तर चालतील, ते राहता कामा नये. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. गच्चीवर गेलात की समोर रॉस बेट दिसतं आणि मधल्या पाण्यावरून वारा थेट अंगावर येतो. त्या पाण्यावर किती फेस आहे ते बघा, उद्याच्या बोटीचा अंदाज तिथेच येईल.

बक्षी_गल्ली
एवढ्या कटकटीपेक्षा लक्षद्वीप का नको? तिकडे समुद्र शांत असतो म्हणतात.

इंजिनरूम_सुदामानगर
दादा, या दिवसांत तिथे खाजण, म्हणजे बेट आणि प्रवाळकडा यांच्यामधलं उथळ पाणी, खरंच शांत असतं, कारण बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्व कडेवर आहेत आणि खाजण पश्चिमेला, आडोशाला. पण परवाने काढावे लागतात. वादळ तिथेही येतं, 2017 च्या डिसेंबरात 'ओखी' तिथूनच गेलं. आणि मुख्य म्हणजे ताईंच्या आईंना ज्या कोठडीसमोर उभं राहायचंय ती तिकडे नाही.

रामबागची_लेक
काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. जेलचं वाचताना तिने दोनदा थांबवलं. एजंटशी बोलले. आता 26 ला दुपारी जेल, 28 ला सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दोन रात्री राधानगरच्या बाजूला, 30 ला तिथूनच सकाळच्या बोटीने परत. नील काढून टाकलं, तिथला तो नैसर्गिक दगडी पूल ओहोटीत निसरड्या खडकांवरून चालत जाऊन बघायचा असतो असं कळलं, आईचे गुडघे ऐकणार नाहीत. 1 तारीख पोर्ट ब्लेअरला मोकळी.

एकच राहिलं. 28 ला बोट रद्द झाली तर 29 ला जाऊन 30 ला यावं, की सोडूनच द्यावं?

इंजिनरूम_सुदामानगर
29 ला लाट सव्वाच्या खाली आली असेल तर जा. नसेल तर त्या दोन दिवसांत आईंना जेल परत एकदा दाखवा, सकाळी, दगड तापायच्या आत. पहिल्या दिवशी विमानाचा थकवा असतो, नीट बघणं होत नाही. आलेपाक आपल्या इंदूरच्या छावणीतून घ्या, ताजा असतो.