मदत हवी आहे: पुढची सीट मागे येते, गुडघे कुठे ठेवू?

लंबूटांग
परवा परतीचं विमान आहे, त्यामुळे लवकर सांगा. येताना पुढच्याने बसल्या बसल्या सीट मागे टाकली ती थेट उतरेपर्यंत. गुडघे चेपून लाल झाले. जेवणाचा ट्रे पोटात रुतला. लॅपटॉप उघडला तर पुढच्या सीटची कड वरून स्क्रीनवर बसली, थोडक्यात वाचला. गुडघ्याने रेटून बघितलं, ढिम्म हलली नाही. जाताना परत हेच होणार. काय करू? 'जाऊ दे, सहन कर' सोडून काहीही सांगा.

चिकित्सक
उंची किती? प्रवास किती तासांचा? सीट नंबर मिळालाय का? आणि 'थेट उतरेपर्यंत' कसं काय? उड्डाणाला आणि उतरताना सीट सरळ करायलाच लावतात.

बिनधास्त_बसा
त्याच्या हाताशी बटण दिलंय ते शोभेला नाही. तिकिटात बटण आलं, दाबायचा हक्क आला. विषय संपला.

खिडकीवाली
कसा काय संपला? तो ज्या जागेत पाठ टाकतो तिचे पैसे मागच्यानेही मोजलेत. रात्रीच्या विमानात दिवे बंद झाल्यावर टाका की, कोण नाही म्हणतंय? पण जेवण चालू असताना समोरच्याचं टक्कल माझ्या डाळीत नको. आणि टाकण्याआधी एकदा मागे वळून बघायला काय जातं?

बिनधास्त_बसा
मागे वळून विचारलं की नाहीच म्हणणार ना लोक! म्हणून विचारायचंच नाही.

बिजागरी
हक्क-बिक्क राहू द्या, आधी यंत्र समजून घ्या. विमान कंपनी जे 'पिच' सांगते ते पायांसाठीची मोकळी जागा नव्हे. एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर. इकॉनॉमीत साधारण २८ ते ३२ इंच. त्यातून पाठीची जाडी वजा करा. म्हणून ३० इंचांतली पातळ सीट कधीकधी ३१ इंचांतल्या गुबगुबीत सीटपेक्षा बरी पडते. आता पाठ खालच्या बाजूला फिरते, त्यामुळे वरची कड सगळ्यात जास्त मागे येते आणि गुडघ्यांपाशी बरीच कमी. म्हणजे लॅपटॉपचा गुन्हेगार पुढचा माणूस, पण गुडघ्यांचा मुख्य गुन्हेगार दोन रांगांतलं अंतर. रेटून काही होत नाही, बटण दाबल्याशिवाय कुलूप सुटत नाही. उलट पुढच्याच्या कमरेत धक्का बसतो आणि तो जास्तच हट्टाला पेटतो.

तिखटमीठ
एवढं कशाला? ट्रेच्या दांड्यांना अडकवायच्या प्लास्टिकच्या खुंट्या मिळतात, 'नी डिफेंडर'. लावल्या की पुढची सीट मागे येतच नाही. मी नेहमी बाळगतो.

खिडकीवाली
बाळगा. २०१४ साली नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने त्याच लावल्या होत्या. पुढच्या बाईने त्याच्या अंगावर पाणी फेकलं, विमान वाटेत शिकागोला उतरवलं आणि दोघांनाही तिथेच खाली काढलं. गुडघे मोकळे झाले असतील, विमानतळावर भरपूर जागा असते.

तिखटमीठ
माझ्यावर अजून कुणी पाणी फेकलेलं नाही.

चिकित्सक
धागाकर्ते, उंची?

नियमावर_बोट
मुळात दोष कंपन्यांचा. रांगा वाढवत गेल्या. २०१८ साली अमेरिकेत कायदा करून तिथल्या विमान नियामकाला सांगितलं की सीटची किमान मापं ठरवा. त्यांनी माणसं बसवून चाचण्या घेतल्या, २०२२ मध्ये जनतेच्या सूचना मागवल्या. प्रश्न आरामाचा नाही, जिवाचा आहे: निम्मी दारं बंद धरूनही ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, हा निकष आहे. उतरताना सीट सरळ करायला लावतात ती त्यासाठीच.

बिनधास्त_बसा
त्यांना परवा जायचंय, निवडणूक लढवायची नाहीये.

लंबूटांग
उंची सहा फूट तीन. साडेआठ तास. सीट नंबर अजून नाही, चेक-इन उद्या उघडेल.

शेवटची_रांग
मग सोपं आहे. आणीबाणीच्या दारापाशी जी रांग असते ती घ्या. पाय लांब होतात, आणि बऱ्याच विमानांत तिच्या पुढच्या रांगेची सीट मागे येतच नाही. दारांशेजारी लागोपाठ दोन रांगा असतील तर मागची घ्या, पुढचीची पाठ बहुधा अडकवलेली असते. भिंतीमागची पहिली रांग घेतली तर समोर कुणी नसतं, पण ट्रे हाताच्या दांडीतून निघतो, सीट जरा अरुंद वाटते आणि पिशवी पायाशी ठेवता येत नाही. शेवटची रांग मात्र घेऊ नका. तुमची सीट मागे जात नाही, पुढच्याची येते. माझं नाव उगाच पडलेलं नाही.

चिकित्सक
क्रूला सांगितलं का? निदान जेवणापुरती सीट सरळ करायला ते सांगतात.

लंबूटांग
क्रूला सांगता येण्यासारखं नव्हतं. पुढे माझे सासरे होते.

खिडकीवाली
😂 हे आधी लिहायला काय झालं होतं?

लंबूटांग
त्याने काय फरक पडतो? गुडघे तेच आहेत.

बिजागरी
अहो, सगळाच फरक पडतो. तुम्ही साडेआठ तास सासऱ्यांच्या कमरेत गुडघे मारत होतात!

लंबूटांग
त्यांची कंबर दुखते. उतरल्यावर म्हणाले, मागचा कोण होता, सारखा ढोसत होता. मी गप्प बसलो.

आजोळची
जावईबापू, पत्नी कुठे बसल्या होत्या?

लंबूटांग
माझ्या शेजारी. खिडकीत. तिला भरपूर जागा होती, तिचे तर पायही नीट टेकत नाहीत. तिच्या पुढे सासूबाई होत्या, त्या ताठ बसूनच झोपतात.

आजोळची
मग जागा बदलायला काय हरकत होती? मुलगी वडिलांच्या मागे, तुम्ही सासूबाईंच्या मागे.

लंबूटांग
…

बिनधास्त_बसा
चाळीस प्रतिसाद झाले असते हो अजून.

लंबूटांग
आत्ताच तिला विचारलं. 'म्हणजे बाबा साडेआठ तास माझ्या तोंडावर सीट टाकून झोपणार?' म्हणाली. आता पलीकडच्या खोलीत जाऊन त्यांना सांगतेय की दुसऱ्याचा जरा विचार करत जा.

खिडकीवाली
आणि येताना?

लंबूटांग
येताना ती म्हणत होती, त्यांची कंबर दुखते, पडू दे जरा.

मानेची_उशी
गळ्याभोवतीच्या उश्या पुढून घालाव्यात, मागून घातल्या की डोकं उलट पुढे ढकललं जातं. हे कुणी सांगत नाही.