‘रॉबरी’ला ‘दरोडा’ म्हणावे का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील जाहीर फाशीवरच्या मजकुरात ‘रॉबरी’साठी ‘दरोडा’ चालेल का? आणि ‘सुळावर दिले’ की ‘फासावर चढवले’?

उत्तर : दरोडा नको. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात. इंग्लंडात एकट्याने धाक दाखवून चार नाणी काढून घेतली तरी ती रॉबरीच. आपल्याकडचा नेमका शब्द ‘जबरी चोरी’. रस्त्यात गाठून लुटले असेल तर ‘वाटमारी’, रात्री घर फोडले तर ‘घरफोडी’. हा फरक तिथे जिवाशी गाठ घालणारा होता. साध्या चोरीत मालाची किंमत पाहत. जबरी चोरीत रक्कम कितीही क्षुल्लक असली तरी शिक्षा फाशीचीच. खिसेकापूंची फाशी १८०८ मध्ये गेली. जबरी चोरीची मात्र १८३७ पासून फक्त वार करून किंवा जखमी करून लुटले तरच राहिली, आणि १८६१ मध्ये तीही संपली.

‘सूळ’ तर मुळीच नको. सुळावर देणे म्हणजे अणकुचीदार खांबावर चढवणे. ‘वधस्तंभ’ही टाळा, तो म्हटला की वाचकाला येशूचा क्रूस आठवतो. ‘फासावर चढवले’ हेच बरोबर.

पुरवणी : ‘ड्रॉप’चे, म्हणजे फाशी जाणाऱ्याच्या पायाखालून पाडायच्या तक्त्याचे, भाषांतर ‘फळी’ करा, आणि ती पाडण्याला ‘खटका ओढणे’. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर सकाळी आठला खटका ओढत आणि देह तासभर लटकत ठेवत. कॅलक्राफ्ट १८२९ पासून तिथला जल्लाद. तो दोर आखूड ठेवी. त्यामुळे मान मोडत नसे, माणूस गुदमरून मरे, आणि कधीकधी पाय खाली ओढावे लागत. म्हणून निकालातले ‘मरेपर्यंत’ हे शब्द वाक्य सजवण्यासाठी आलेले नाहीत. आपल्या ‘मरेपर्यंत फाशी’तही ते तिथूनच आले, भाषांतरात गाळू नयेत. वजन पाहून दोराची लांबी ठरवण्याची मारवुड या जल्लादाची रीत १८७२ ची, म्हणजे जाहीर फाशी बंद झाल्यानंतरची. आधीच्या प्रसंगात ‘मान मोडली’ लिहिणे बहुतेक वेळा चूक.

आणखी एक : १८६२ च्या ‘गॅरॉटिंग’ला, म्हणजे रस्त्यात मागून गळा दाबून लुटण्याला, ‘गळफास’ म्हणू नका, तो फाशीशी गल्लत करतो. ‘गळा आवळून लूट’ म्हणा. त्या लुटारूंना फाशी नव्हती. १८६३ च्या कायद्याने फटके आले.

‘जाहीर’ हा शब्दही मे १८६८ पर्यंतच वापरा. त्यानंतर फाशी तुरुंगाच्या भिंतीआड गेली. बाहेर जमलेल्यांना दिसे ते फक्त चढवलेले काळे निशाण.