प्रतिसाद: चालता चालता ‘ऋतुचक्र’

एकत्र टेकडीवर फिरायला जाताना पुस्तक घरी वाचून यावे आणि टेकडीवर फक्त चर्चा करावी, अशी एक सूचना आली आहे; ती मला अर्धीच पटते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ या निसर्गावरील ललित लेखांच्या पुस्तकाची मांडणीच चैत्र ते फाल्गुन अशी महिन्यांनुसार आहे; त्यामुळे त्या त्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात, झाडांखाली थांबून मोठ्याने वाचला, तर लेखिकेचे निरीक्षण आणि समोरचे झाड लगेच ताडून पाहता येते. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने चांद्र महिने मागे सरकतात आणि अधिक मासामुळे पुन्हा पुढे येतात: 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिलला होता, 2026 मध्ये तो 19 मार्चला. मार्चमधल्या पाडव्याला पळस-पांगाऱ्यावर थोडी फुले राहिलेली असू शकतात, एप्रिलमधल्या पाडव्याला बहुधा शेंगाच दिसतील. हा फरक पुस्तकाची उणीव मुळीच नव्हे. खरी चर्चा तेथूनच सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते. चढणीवर मात्र वाचन नको, कारण धाप लागलेल्या माणसाला ना वाक्य नीट ऐकू येते, ना पक्षी. सपाटीवर थांबून एकाने दोन पाने वाचावीत आणि पुढचा टप्पा सर्वांनी न बोलता चालावा.