काँक्रीटमध्ये बगॅस ॲश (उसाच्या चिपाडाची राख) टाकली की क्यूबची ताकद पडतेय, काय चुकतंय?

राखवाला_एमटेक: नमस्कार मंडळी. एमटेक स्ट्रक्चरला आहे, कोल्हापूर साइडला. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख सिमेंटच्या जागी २०% टाकून एम३० (२८ दिवसांत ३० एमपीए ताकदीचं काँक्रीट) करतोय, गाइड सरांनीच विषय दिला. साध्या मिक्सचे ७ दिवसांचे क्यूब (दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे) २४ एमपीए आले आणि राखेचे १३. तीन क्यूबमध्येही ११, १३, १५ असं वरखाली. पाणी तेवढंच ठेवलं तर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) शून्य, साचा काढला तर कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. राख पोत्यातून काढली तशीच टाकली, काळी आहे आणि त्यात चिपाडाचे तुकडे दिसतात. एक्सआरएफला (राखेत काय काय किती आहे ते सांगणारी टेस्ट) सिलिका ७०%च्या वर आलीय मग रिॲक्शन का होत नाही?? पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे, झोप उडालीये.

चाळणी_नं_३००: अरे भावा पोत्यातली राख तशीच कशी टाकलीस! ते चिपाडाचे तुकडे म्हणजे न जळलेला कार्बन, स्पंजसारखं पाणी पितो, तिथेच तुझा स्लम्प गेला. आयआयटी मद्रासमध्ये यावर बरंच काम झालंय, ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची म्हणजे जाडे तंतू वर राहतात, मग खालची राख बॉल मिलमध्ये सिमेंटइतकी बारीक करायची. आधी लॉस ऑन इग्निशन काढ, म्हणजे राख तापवून किती वजन जळून जातं ते. फ्लाय ॲशला (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) आयएसमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, ५% ची मर्यादा आहे, तुझी किती जास्त निघते बघ. आणि ११ नि १५ चं ॲव्हरेज लावू नकोस, आयएस ५१६ मध्ये सरासरीच्या ±१५% च्या आत नसेल तर तो सेट धरत नाहीत.

साइटवरचा_काका: सिलिका ७० वरून हुरळून जाऊ नका. ऊस तोडताना मुळाशी शेतातली माती येतेच, ती वाळू पण बॉयलरमधून जाते आणि एक्सआरएफला ती पण सिलिकाच दिसते, पण क्वार्ट्ज काही रिॲक्ट होत नाही. एक्सआरडी करा, त्यात क्वार्ट्ज वेगळं दिसतं, नाहीतर आयएस १७२७ ची लाइम रिॲक्टिव्हिटी टेस्ट (राख चुन्याशी किती रिॲक्ट होते ती) करा, ५० मिमीचे छोटे क्यूब, दहा दिवसांत कळतं राखेत दम आहे का. बाकी सिमेंट कुठलं वापरलं ते सांगितलंच नाही तुम्ही.

राखवाला_एमटेक: काका, हार्डवेअरवाल्याकडे जे होतं तेच घेतलं. आत्ता पोतं बघून आलो, पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं सिमेंट) आहे.

साइटवरचा_काका: तिथेच मेख आहे! राखेला खायला चुना लागतो आणि तो सिमेंट-पाण्याच्या रिॲक्शनमधून सुटतो. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश आधीच तो चुना खायला बसलीये, त्यात तुम्ही अजून २०% पाहुणे आणले. वाढणारा एक, जेवणारे दहा. ओपीसी (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) घ्या, आणि पोत्यावरचं नाव रजिस्टरला लिहायची सवय लावा.

क्युरिंग_टँक: दोघांचं पटतंय, पण ७ दिवसांवर निकाल लावू नका ना. पॉझोलाना (चुन्याशी रिॲक्ट होणारी अशी राख) सावकाश चालतो, २८, ५६ आणि ९० दिवसांचे क्यूब आत्ताच टाका. प्रेझेंटेशनला ७ आणि २८ दाखवायचे. आणि एक बारीक गोष्ट, सीटीएममध्ये (क्यूब दाबून फोडायचं मशीन) क्यूब ठेवताना थापीने घासलेली बाजू वर येत नाही ना? ती सपाट नसते, आकडा कमी येतो. आमच्या बॅचला एकाने सगळे क्यूब तसेच ठेवले होते, आकडे बघून लॅब असिस्टंटने डोक्याला हात लावला.

राखवाला_एमटेक: ..... थापीची बाजू वरच होती 🙈 उद्या ओपीसी ५३ आणतो. बॉल मिल कॉलेजमध्ये नाही, चाळून फक्त लॉस ॲंजेलिस मशीनमध्ये (खडीची झीज तपासायचा, लोखंडी गोळ्यांचा ड्रम) फिरवली तर चालेल का?

चाळणी_नं_३००: फिरव, पण आधी ३०० ने चाळ, नाहीतर चिपाडच बारीक होऊन आत राहील. बारीकपणा ब्लेनने (पावडरमधून हवा किती सहज जाते त्यावरून मोजणारं उपकरण) मोज. आणि पोत्यावर तारीख घाल, पुढच्या हंगामात तीच राख मिळणार नाही, बॉयलरचं तापमान बदललं की राख बदलली.